शाळेची डार्करूम : आधी अंधार, मग एनलार्जर



दहावीच्या एनसीईआरटीच्या विज्ञान पुस्तकात पहिल्याच प्रकरणात सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ब्रोमाइड यांचं उजेडात अपघटन होतं, हे दिलेलं आहे. या अभिक्रिया कृष्णधवल फोटोग्राफीत वापरतात, असंही तिथे एका ओळीत सांगितलंय. मुलं ती ओळ पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. माझं मत असं, की ही ओळ प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावी. त्यासाठी शाळेत एक छोटी डार्करूम हवी.

"हातात मोबाईल असताना हा खटाटोप कशाला?" हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. नुसते फोटो हवे असतील तर मोबाईलच बरा. पण मोबाईलवर मूल पन्नास फोटो काढतं, एकोणपन्नास पुसतं, आणि ते का बिघडले हे कुणी विचारत नाही. डार्करूममध्ये कागद काळाकुट्ट झाला तर कारण शोधावंच लागतं. उजेड जास्त वेळ दिला? डेव्हलपर गरम होतं? की दाराच्या फटीतून उजेड आत आला? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, बाकी तशीच ठेवायची. प्रयोगाची शिस्त म्हणतात ती हीच, आणि एकमेकांच्या प्रयोगवह्या उतरवून ती येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. डार्करूमची यादी सहसा एनलार्जरपासून सुरू होते, म्हणून मुख्याध्यापक ती पहिल्या ओळीलाच बाजूला ठेवतात. ही यादी उलटी करायला हवी. पहिल्या वर्षी एनलार्जर नको, फिल्म नको, कॅमेरासुद्धा नको.

आधी अंधार हवा. खिडक्यांना जाड काळं कापड लावा, दाराच्या फटी बुजवा. दहा मिनिटं आत बसून डोळे सरावल्यावर कुठून उजेड येतो ते मुलांनाच शोधू द्या. मग लाल दिवा. बाजारातला प्रत्येक लाल बल्ब चालतोच असं नाही. चाचणी सोपी आहे : लाल दिव्याखाली फोटोच्या कागदावर एक नाणं पाच मिनिटं ठेवायचं आणि कागद धुवायचा. नाण्याचा पांढरा गोल उमटला, तर तो दिवा बाद.

प्लास्टिकचे तीन ट्रे, प्रत्येकाचा वेगळा चिमटा, मोजपात्र, थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. यातलं निम्मं प्रयोगशाळेत असतंच. विकत घ्यायच्या खऱ्या वस्तू तीन : फोटोचा कागद, डेव्हलपर आणि हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पहिल्या ट्रेमध्ये डेव्हलपर, दुसऱ्यात साधं पाणी (नवशिक्यांना तेवढं पुरतं), तिसऱ्यात हायपो. डेव्हलपर उजेड लागलेल्या कणांची चांदी करतं, म्हणून तो भाग काळा होतो. उजेड न लागलेलं सिल्व्हर ब्रोमाइड हायपो विरघळवून काढून टाकतो. नंतर कागद वाहत्या पाण्यात धुवायचा. 'रोल धुवायला टाकला' असं आपण म्हणायचो, ते धुणं हेच.

कागद महाग असतो, आणि ते एका अर्थी बरंच आहे. पूर्ण कागद वापरायच्या आधी त्याची बोटभर पट्टी कापायची आणि पुठ्ठा सरकवत तिच्यावर पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद उजेड द्यायचा. पट्टी धुतली की योग्य वेळ डोळ्यांना दिसते. आधी मोजा, मग खर्च करा, हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

पहिला पाठ पानं, पिसं, किल्ल्या कागदावर ठेवून छाया-चित्र काढण्याचा. दुसरा पाठ डब्याच्या कॅमेऱ्याचा. दूध पावडरचा डबा आतून काळा रंगवा, पातळ पत्र्याला सुईने साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तो डब्याला लावा आणि समोर कागद बसवा. कडक उन्हात अर्धा ते दीड मिनिट पुरतं. आलेली निगेटिव्ह कोऱ्या कागदावर दाबून वरून उजेड दिला की पॉझिटिव्ह मिळते. काळ्याचं पांढरं होताना बघितलेल्या मुलाला निगेटिव्ह म्हणजे काय, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आपल्याकडची अडचण हवेची आहे. डेव्हलपरला 20 अंश सेल्सियस तापमान मानवतं आणि आपल्या एप्रिलमध्ये नळाचं पाणीसुद्धा तापलेलं असतं. म्हणून हा उपक्रम डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. नाहीतर ट्रे परातीत ठेवून भोवती बर्फाचं पाणी घालावं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये.

काळजीचं बोलायलाच हवं. रसायनं शिक्षकांनीच कालवावीत. काहींच्या त्वचेला डेव्हलपरमधल्या मेटॉलची ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे आणि चिमटे सक्तीचे. पंखा किंवा हवा खेळती ठेवणारी सोय हवी. वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नाही, त्यात चांदी असते. तो बादलीत साठवून त्यात स्टील वुल टाकलं, तर लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन बसते. विस्थापन अभिक्रियेचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

हे आपल्या मातीला नवं नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे धडे सुरू झाले. पुढे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या कारखान्यातून 'इंदू' नावाची फिल्म आणि कागद देशभर जायचे. तो कारखाना बंद पडला, गावोगावच्या स्टुडिओंतल्या डार्करूम अडगळीच्या खोल्या झाल्या. तुमच्या गावातल्या जुन्या फोटोग्राफरकाकांकडे जाऊन बघा. ट्रे, चिमटे, कदाचित एनलार्जरही माळ्यावर धूळ खात पडलेला असेल. वस्तू मागाच, पण त्यांनाही एक दिवस शाळेत बोलवा. ज्या हातांनी गावाचे लग्नातले आणि शाळेतले फोटो धुतले, त्या हातांकडून मुलांना जे मिळेल ते व्हिडिओतून मिळणार नाही. हे हात आता थकत चाललेत.

तेव्हा येत्या वर्षाच्या खरेदीत आणखी एक तयार चार्ट घेण्याऐवजी कागदाचं एक पाकीट आणि हायपोची एक बाटली लिहून बघा. पालकांनी जाड काळं कापड द्यावं. अंधार फुकट आहे, तो करायची तयारी तेवढी हवी.