प्राप्तिकर गेला, तर भार कोणाच्या खांद्यावर?

प्राप्तिकर रद्द करावा आणि सरकारने आपला महसूल नागरिकांच्या मिळकतीऐवजी त्यांच्या खर्चातून उभा करावा, ही मागणी अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की पुण्यासारख्या शहरांत नव्याने डोके वर काढते. पगारदाराच्या हाती वेतन पडण्याआधीच त्यातून कर कापला जात असल्याने ही मागणी त्याला आपलीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिचा हिशेब बहुधा शहरातील पगारपत्रकावरच मांडला जातो. तोच हिशेब पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत मांडला, तर उत्तर अगदी निराळे येते.

मागणी जुनी, युक्तिवाद सबळ

खर्चावरील कराच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. मिळकत लपवता येते, खर्च लपवणे तुलनेने अवघड असते. बचतीवर कर नसला, तर गुंतवणूक वाढते. विवरणपत्रे, सवलती, नोटिसा आणि अपिले यांचा व्यापही कमी होतो. महाराष्ट्रात अनिल बोकील यांच्या 'अर्थक्रांती'ने तर आयातशुल्क वगळता सर्व कर रद्द करून बँक व्यवहारांवर एकच कर लावावा, असा प्रस्ताव मांडला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर त्याची देशभर चर्चा झाली. अमेरिकेतही १९९९ पासून प्राप्तिकराऐवजी राष्ट्रीय विक्रीकर आणण्याचे 'फेअर टॅक्स' विधेयक प्रतिनिधिगृहात पुनःपुन्हा मांडले गेले, परंतु त्याचा कायदा होऊ शकला नाही.

भारताने खर्चावरील थेट कराचा प्रयोगही करून पाहिला आहे. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये व्यय कर आणला. तो १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. तो मूठभर धनिकांपुरताच होता, उत्पन्न तुटपुंजे मिळाले आणि प्रत्येकाच्या वर्षभराच्या खर्चाची तपासणी करणे प्रशासनाला झेपले नाही. 'ज्याचा खर्च मोठा, त्याला कर अधिक' असा न्याय हवा असेल, तर माणसागणिक हिशेब ठेवावाच लागतो. तो नको असेल, तर दुकानात सर्वांना सारख्याच दराने लागणारा कर उरतो. तेथेच भोर-वेल्ह्याचा प्रश्न सुरू होतो.

कर न भरणाऱ्यांचा कर

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ज्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला, तो वेल्हे तालुका आणि शेजारचा भोर हे मुख्यतः भाताचे तालुके. अतिपावसाचा पश्चिम भाग, डोंगरउतारावरील लहान खाचरे, धरणांच्या पाण्याखाली गेलेली खोरी आणि कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली माणसे असे त्यांचे स्वरूप आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. शिवाय २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावरील कर शून्यावर आणला. त्यामुळे येथील बहुसंख्य कुटुंबांना प्राप्तिकराची झळ लागत नाही. 'खेड्यातले लोक कर भरत नाहीत' हा शहरी समज यातूनच पक्का होतो.

वस्तुस्थिती अशी नाही. मोबाइल, दुचाकी आणि घराचे सिमेंट यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या सुधारित रचनेतही १८ टक्के जीएसटी आहे. साबण, तेल, बिस्किटे ५ टक्क्यांवर आली. खतांवरही ५ टक्के कर आहेच. सुटे धान्य, भाजी आणि दूध करमुक्त आहे. पण या करमुक्तीला दुसरी बाजू आहे. कारखानदार कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट घेतो. शेतकऱ्याचा भात करमुक्त असल्याने खते-औषधांवर भरलेला कर त्याला कोठेही वळता करता येत नाही. तो त्याच्याच अंगावर पडतो.

दोन कुटुंबांचा हिशेब

२०२४-२५ मध्ये कंपन्यांव्यतिरिक्त अन्य करदात्यांकडून केंद्राला प्रत्यक्ष करापोटी सुमारे १२ लाख कोटी रुपये मिळाले, तर केंद्र आणि राज्ये मिळून जीएसटीचे ढोबळ संकलन सुमारे २२ लाख कोटी होते. कंपनीकर तसाच ठेवला, तरी पहिली रक्कम भरून काढण्यासाठी जीएसटीचे उत्पन्न निम्म्याहून अधिक वाढवावे लागेल. लोकांची खरेदी कायम राहिली असे धरले, तर १८ टक्क्यांचा दर २७ टक्क्यांच्याही पुढे न्यावा लागेल.

उदाहरणादाखल दोन कुटुंबे घेऊ. वेल्ह्यातील एका कुटुंबाची मिळकत महिना १५ हजार रुपये असून ती सगळी खर्च होते. त्यातून ७५० रुपये जीएसटीपोटी जातात असे धरू. पुण्यातील पगारदार कुटुंबाची मिळकत महिना दोन लाख, निम्मी रक्कम शिल्लक पडते आणि जीएसटी जातो सहा हजार. म्हणजे आजच पहिले कुटुंब मिळकतीच्या ५ टक्के, तर दुसरे ३ टक्के जीएसटी भरते. कर दीडपट झाला, तर हे प्रमाण अनुक्रमे साडेसात आणि साडेचार टक्के होईल. पुण्याच्या कुटुंबाचा जीएसटी वर्षाला ३६ हजारांनी वाढेल; पण २४ लाखांच्या वार्षिक वेतनावर नव्या प्रणालीनुसार द्यावा लागणारा सुमारे २ लाख ९२ हजारांचा प्राप्तिकर वाचेल. वेल्ह्याच्या कुटुंबाला वाचवण्यासारखा प्राप्तिकर मुळातच नाही. त्याच्या वाट्याला वर्षाकाठी साडेचार हजारांचा वाढीव भार तेवढा येईल.

जमिनीच्या पैशाचे काय?

पुरस्कर्त्यांचा एक मुद्दा मात्र या तालुक्यांनाच लागू पडतो. सह्याद्रीच्या कुशीतील जमिनींना शहरातून मोठी मागणी आहे. शहराच्या हद्दीपासून लोकसंख्येनुसार दोन, सहा किंवा आठ किलोमीटरपलीकडील शेतजमीन विकली, तर नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही. जमिनीची विक्री जीएसटीच्याही कक्षेबाहेर आहे. सरकारला मिळते ते मुद्रांक शुल्क. अशा पैशातून महागडी मोटार घेतली गेली, तरच त्यावर कर बसतो. ही पळवाट खरी आहे. परंतु ती बुजवायची, तर मोठ्या रकमेच्या जमीनविक्रीपुरती सवलत मर्यादित करता येईल. त्यासाठी साबणापासून सिमेंटपर्यंत सर्वांचा कर वाढवण्याचे कारण नाही.

परताव्याचा आणि संमतीचा प्रश्न

गरिबांवरील भाराला उत्तर म्हणून 'फेअर टॅक्स'मध्ये प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परतावा देण्याची तरतूद सुचवलेली आहे. पीएम-किसान किंवा लाडकी बहीण योजनेचे पैसे थेट खात्यात जातात, तेव्हा असा परतावा आपल्याकडेही तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. पण गरजूंनाच परतावा द्यायचा, तर मिळकतीची चौकशी पुन्हा आली. सर्वांना द्यायचा, तर कराचा दर आणखी चढा ठेवावा लागेल. शिवाय कर दुकानात रोज भरायचा आणि परतावा मात्र सरकारच्या मर्जीवर व वेळापत्रकावर, ही विषमता राहतेच.

प्राप्तिकर हा केंद्राचा विषय आहे, तर जीएसटीचे दर परिषदेत ठरतात. तेथे राज्यांकडे दोन-तृतीयांश मतभार असून निर्णयाला तीन-चतुर्थांश बहुमत लागते. आपल्या ग्राहकांवर वाढीव कर लादून केंद्राची तूट भरण्यास राज्ये सहजासहजी राजी होतील, असे मानता येत नाही.

प्राप्तिकराची रचना सोपी करावी, त्यातील पळवाटा बंद कराव्यात, प्रामाणिक पगारदाराला जाच होऊ नये, या मागण्या रास्तच आहेत. तथापि, प्राप्तिकर हटवण्याचा अर्थ कर नाहीसा होणे असा नव्हे. ज्याची शिल्लक मोठी त्याच्याकडून तो काढून, ज्याच्या हाती महिनाअखेरीस काहीच उरत नाही त्याच्याकडे सोपवणे, असा त्याचा अर्थ होतो. पुण्याच्या पगारपत्रकावर होणारी बचत वेल्ह्याच्या किराणा दुकानातून वसूल होणार असेल, तर तिला करसुधारणा म्हणता येणार नाही.