विश्लेषण : आंब्याच्या पेटीतलं 'कॅल्शियम' घातक, मग फोडींच्या डब्यातलं कसं चालतं?

हापूसचा हंगाम आला की रत्नागिरीच्या आंब्याबरोबर एक मेसेजही फिरू लागतो: 'कॅल्शियम टाकून पिकवलेला आंबा खाऊ नका.' मग आंब्याच्या फोडींच्या डब्यावर किंवा लोणच्याच्या बाटलीवर 'कॅल्शियम क्लोराइड' (आयएनएस ५०९) दिसलं तरी शंका येते. नावात कॅल्शियम दोन्हीकडे आहे, पदार्थ मात्र वेगळे.

बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. हा खाण्याचा क्षारच नव्हे. ओलावा लागला की त्यातून वेल्डिंगला वापरतात तो अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. हा वायू फळातल्या इथिलीनसारखं काम करतो. साल पिवळी होते, गर मात्र अनेकदा आंबट आणि बिनवासाचा राहतो. मोठा धोका औद्योगिक कार्बाइडमधल्या आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अंशांचा. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत ही बंदी आहे. मे २०२४मध्ये एफएसएसएआयला व्यापाऱ्यांना ती पुन्हा बजावावी लागली. इथिलीन वायूला मात्र २०१६पासून १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे.

तरी कार्बाइड का वापरतात? पेंढ्याच्या आढीत आंबा पिकायला आठ-दहा दिवस लागतात आणि सुरुवातीचा चढा भाव तेवढा थांबत नाही. कोकणच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आंबा कुठे पिकला हे सांगतं, कसा पिकवला हे नाही.

कॅल्शियम क्लोराइड पाण्यात सहज विरघळतं, आणि तेच त्याचं काम. विरघळलेलं कॅल्शियम गरात शिरून पेशींच्या भिंतीतल्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, म्हणून फोड उष्णता देऊनही लगदा होत नाही. पेठ्यासाठी कोहळा चुन्याच्या निवळीत ठेवतात, तो याचसाठी.

अर्थात असा डबा म्हणजे कॅल्शियमची गोळी नव्हे. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. गोळी घेतानाही क्षाराचं नाव वाचावं: कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये सुमारे २१, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायला सांगतात.

राहिली पेटीतली पुडी. ती इथिलीन सोडणारीही असू शकते. फळाला थेट न लागता ती वापरायला परवानगी आहे. राखाडी खडे आणि लसणासारखा उग्र वास असेल, तर मात्र पेटी परत करावी आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावं.