ईस्टरचा रविवार आणि मुलें

ईस्टर हा ख्रिस्ती सण वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढील रविवारीं येतो, हा सर्वसाधारण नियम. तिथि पाहून सण करणाऱ्या आपल्या घरांस त्यांत नवल वाटूं नये. जर्मनींतील कित्येक घरांत हा सण लहान मुलांच्या हातीं कसा सोंपवितात, तें पाहण्याजोगें आहे.

शुक्रवार ख्रिस्ताच्या मृत्यूचा. जेवण साधें, गाणेंबजावणें नाहीं. शनिवारीं कांद्याच्या सालींचा काढा उकळतात. मुलें अंड्यावर कोवळें पान ठेवून तें जुन्या मोज्यांत घट्ट बांधितात व काढ्यांत सोडितात. कवच तांबूस होतें, पानाचा ठसा फिका उमटतो. रविवारीं सकाळीं वडील माणसें हीं अंडीं बागेंत लपवितात. पाऊस असला तर घरांत. तीं ससा आणतो, ही तिकडील समजूत गेओर्ग फ्रांक या वैद्यानें इ. स. १६८२ मध्यें नोंदिली आहे.

मध्ययुगांत ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या उपवासांत अंडीं वर्ज्य असत; कोंबड्या मात्र तीं घालीतच. सणास तीं सांठलेलीं असत. म्हणजे अंड्याची गोडी संयमानें वाढली. हल्लीं दुकानांत चॉकोलेटचे ससे कित्येक आठवडे आधींच मांडतात. ते शुक्रवारींच मुलांस दिले, तर रविवारीं शोधावयाचें काय? नैवेद्यापूर्वीं लाडवास हात न लावणारीं आपलीं मुलें हाच धडा शिकतात. मुलांस खाऊ देणें सोपें. त्याची वाट पाहावयास शिकविणें कठीण, आणि तें काम थोरांचेंच होय, असें आम्हांस वाटतें.