शब्दपारख : ‘स्वीटब्रेड’ गोड नव्हे

इंग्रजी शिकणारा दोन शब्द जोडून तिसऱ्याचा अर्थ लावतो. भोजनगृहात ही सवय धोक्याची ठरते. ‘स्वीट’ म्हणजे गोड आणि ‘ब्रेड’ म्हणजे पाव, एवढ्या आधारावर परदेशी कोणी ‘स्वीटब्रेड’ मागविला, तर ताटात वासराच्या वा कोकराच्या ग्रंथी येतात. उलट ‘स्वीटमीट’ ऐकून दचकण्याचे कारण नाही. ती निव्वळ मिठाई. जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. पुढे हा अर्थ आकसून मांसापुरता उरला, तरी काही समासांत जुनी खूण राहिली. नारळाच्या खोबऱ्यालाही ‘कोकोनट मीट’ म्हणतात. आजच्या बोलीत मात्र ‘मीट’मध्ये पुष्कळजण मासा धरीत नाहीत. ‘नो मीट’ एवढेच सांगून निश्चिंत बसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

‘मिन्समीट’ अधिक फसवे. नाताळातील या सारणात मनुका, सफरचंद, मसाले असतात. पण परंपरेने ‘स्यूएट’, म्हणजे जनावराची चरबीही असते. अमेरिकेतील ‘एगप्लँट’मध्ये अंडे नाही, ते वांगे. (बहुबीज म्हणून ते वर्ज्य मानणाऱ्या घरांना त्याचा दिलासा नाहीच.) ‘बॉम्बे डक’ बदक नसून बोंबील.

खरा घोटाळा ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात आहे. इंग्लंडात 1847 साली व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली. तिकडे अंडी खाणाराही शाकाहारीच गणला जातो. आपल्याकडील हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात अंडे चालत नाही. त्यामुळे तोच शब्द परदेशी केकवर वाचून आपला माणूस फसतो. 1944 साली घडविलेल्या ‘व्हीगन’ शब्दाने अंडे जाते, मधही जातो. पण त्यासोबत दूध-तूपही जाते आणि कांदा-बटाटा मात्र राहतो. ‘रूट व्हेजिटेबल नको’ असे म्हटले, तरी आचाऱ्याच्या मनात गाजर-मुळा येतो, कांदा-लसूण येईलच असे नाही. त्यांची नावे वेगळी उच्चारावीत, बटाट्याचेही.

विमानप्रवासात एक सोय आहे. जैन भोजनाची चार अक्षरी खूण ‘व्हीजेएमएल’. ते आधी नोंदवावे लागते. नोंद झाल्यावर कागद एकदा नीट वाचावा. ‘जे’च्या जागी ‘एल’ पडला, तर ‘व्हीएलएमएल’ होते, आणि त्या ताटात अंडे येऊ शकते.