खालच्या दोऱ्याचा हिशेब

मशीनवर वाकळ शिवणाऱ्या भगिनींसाठी या वेळचे हे सदर. त्यांना हिशेब करून देणारा आमच्यासारखा कुणी बी.कॉम. घरात असेल, तर त्याने आधी वाचावे.

त्याचे असे झाले. नालासोपारा पूर्वेला आमच्या शेजारच्या ताई जुन्या साड्यांच्या वाकळी शिवून देतात. गेल्या मे महिन्यात एका घरची वाकळ आली, ७ फूट रुंद नि ८ फूट लांब. एवढी मोठी त्यांनी कधी शिवली नव्हती. त्या घरातली आजी वारलेली, तिच्याच साड्या. मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी गावी निघणार होती.

"भाऊ, दोरा किती आणू?" ताईंनी विचारले. आम्ही कागद घेतला. २ इंचांवर एक ओळ धरली तर मधल्या ओळी ४१. प्रत्येक ८ फुटांची, म्हणजे ३२८ फूट. कडेने दोन फेरे, ६० फूट. एकूण ३८८ फूट, सुमारे ११८ मीटर. "२०० मीटरचे एक रीळ बास, वर उरेल," आम्ही ऐटीत सांगितले.

रात्री सत्ताविसाव्या ओळीला रीळ संपले. दुकाने बंद. घरातली अर्धवट रिळे लावून ताईंनी वाकळ पुरी केली, पण रंग जुळला नाही. सकाळी मंडळींनी तोंड वाकडे केले नि मजुरीतले ५० रुपये कापले. चूक आमची, पैसे ताईंचे गेले.

चुकले कुठे? आमच्या आईच्या हातच्या वाकळेला एकच दोरा, धावता टाका. आमच्या डोक्यात तोच हिशेब. मशीनच्या टाक्याला दोन दोरे लागतात. १८४६ साली अमेरिकेत एलियस हौ यांनी ज्या मशीनचे पेटंट घेतले, तिच्यातही एक दोरा सुईत आणि दुसरा खालच्या धोट्यात होता. आपल्या मशीनमध्ये तो बॉबिनमध्ये असतो. शिवाय दोरा सरळ जात नाही. प्रत्येक टाक्याला कापडाच्या जाडीत शिरतो, म्हणून ओळीच्या लांबीपेक्षा जास्त लागतो. थर जितके जास्त नि टाका जितका बारीक, तितका दोरा अधिक.

किती अधिक, ते घरीच मोजता येते. तेवढेच थर घेऊन तुकड्यावर फूटभर शिलाई घाला, खालचा दोरा उसवा नि पट्टीला लावा. मागाहून ताईंनी मोजला तेव्हा तो दीड फूट भरला. म्हणजे ३८८ फुटांना खालचाच दोरा ५८२ फूट, १७७ मीटर. वरचाही जवळजवळ तेवढाच. दोन्ही मिळून ३५५ मीटर, टोके नि तुटफूट धरून ३९०. दोन रिळे हवी होती, आणि ती एकाच वेळी, एकाच रंगाची.

बॉबिन किती भराव्यात? त्याला मीटरही नको. पहिली भरलेली बॉबिन किती ओळींना पुरते ते मोजा. ताईंची १२ ओळींना पुरली, म्हणजे ९६ फूट. ३८८ फुटांना ४ बॉबिन जेमतेम, म्हणून ५ आधीच भरून ठेवायच्या. बॉबिन संपलेली वरून दिसत नाही. सुई नुसती भोके पाडत जाते नि दोन-तीन फुटांनी ध्यानात येते. जाड वाकळ उलटून बघणे म्हणजे कसरतच! म्हणून दहा ओळी झाल्या की बॉबिन काढून बघावी. खालची बाजू वेगळ्या रंगाची असेल तर उरलेली रिळे तिथे खपवता येतात. मात्र ताण बरोबर हवा, नाहीतर तो रंग वर डोकावतो.

आता ताई मजुरी सांगताना दोऱ्याचे पैसे वेगळे सांगतात, वरचे नि खालचे दोन्ही. परवा एका बाईंनी विचारले, "दोन रिळे कशाला?" ताईंनी फूटभर शिलाईचा तो तुकडा नि उसवलेला दोरा त्यांच्या हातात दिला.