कोणामागे म्हणू?



आमच्या शहाद्याच्या घरात सासूबाई आता आतल्या खोलीतून उठत नाहीत. स्थानकात जाणं तर तीन वर्षांपासून बंदच. म्हणून चातुर्मासात सकाळचं प्रवचन टीव्हीवर लावतो. टीव्ही हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. आवाज तिघींनाही हवा (सूनबाई हॉलमध्ये भाजी निवडते), म्हणून हौसेनं दोन ब्लूटूथ स्पीकर आणले.

पहिल्याच दिवशी महाराजसाहेबांनी लोगस्स सुरू केला आणि सासूबाई मध्येच थांबल्या. हॉलमधून एक शब्द यायचा, उशाच्या स्पीकरमधून तोच शब्द मागाहून. त्या म्हणाल्या, "कोणामागे म्हणू?" आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. एक नाही की दोन नाही. मला फार लागलं ते.

दुकानदार म्हणाला, "काकू, एवढं चालतं." मी बी.कॉम. आहे, हिशेब मांडून पाहिला. ब्लूटूथ आवाज आधी आवळून बांधतो, पाठवतो, पलीकडे पुन्हा सोडतो. यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे सासूबाईंच्या उशाशी ठेवलेला स्पीकर कानाला 68 मीटर लांब! आमचं घर पंधरा मीटरही नाही.

मुलानं फोनवर टीव्हीच्या सेटिंगमधलं 'ऑडिओ डिले' सांगितलं. पण त्यानं आवाज आणखी मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. उशिरा आलेल्याला आणखी थांबवून काय साधणार? वायफायवरचे एकाच कंपनीचे स्पीकर आपसात घड्याळ जुळवून एकदम वाजतात, हे खरं. पण ते सगळे मिळून चित्राच्या मागे राहू शकतात, आणि किंमत ऐकून मी गप्प बसले.

माझं मत विचाराल तर एका खोलीत एकच स्पीकर असेल, तर बिनतारी खुशाल घ्या. टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद ठेवा. ओठ जरा पुढेमागे झाले तरी कान सांभाळून घेतो. विजेमागून गडगडाट ऐकायची सवय आहेच. पण दारं उघडी असलेल्या घरात दोन-तीन ठिकाणी एकच पाठ ऐकायचा, तर तारच हवी. मोठ्या मंडपातही एका अॅम्प्लिफायरवरून तारा जातात, त्या उगाच नाही. (काही संत माईकच वापरत नाहीत, तो प्रश्न वेगळा.)

शेवटी वायरमनला बोलावलं. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून छोटा अॅम्प्लिफायर, तिथून तीन साधे स्पीकर. तारेतून वीज जाते, तिला वेळ लागतो म्हणावा असा लागतच नाही. घरातल्या अंतरानं पडतो तेवढाच फरक, तो कानाला जाणवतही नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना आतून सासूबाईंचा लोगस्स ऐकू आला, शेवटपर्यंत. सूनबाईला दारावरून गेलेली पांढरी पट्टी आवडत नाही. दिवाळीत रंग काढू, तेव्हा बघू.