बिनोल्याची कोनशिला आणि हवाई दलाचे शिक्षण

हवाई दलाच्या अधिकाऱ्याचे शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सुरू होते. तिथे ते संपत नाही. दीक्षान्त संचलनाच्या बातम्या वाचून मात्र ते तिथेच संपते असा समज होतो. या आठवड्यातही तेच झाले. अंतिम पग ओलांडणारे छात्र, डोळे टिपणारे आईवडील, पहिल्या पानावर मोठे छायाचित्र. पुढची तीस-पस्तीस वर्षे हा अधिकारी काय शिकणार आणि कोणाकडून शिकणार, याबद्दल एक ओळही नाही.

खडकवासल्याची तीन वर्षे झाली की हवाई दलाचा छात्र हैदराबादजवळच्या डुंडिगलच्या अकादमीत जातो आणि फ्लाइंग ऑफिसर होऊन बाहेर पडतो. विमान उडवणे, शस्त्र सोडणे, रडार वाचणे हे झाले प्रशिक्षण, आणि त्यात भारतीय हवाई दल कोणाच्या मागे नाही. शिक्षण ही निराळी गोष्ट आहे. विमान कुठे पाठवायचे, कशासाठी पाठवायचे, कधी अजिबात पाठवायचे नाही आणि हे मंत्र्याला व लष्कराच्या सेनापतीला कसे पटवायचे, हे त्यात येते. त्यासाठी स्क्वाड्रन लीडरला निलगिरीतले वेलिंग्टनचे स्टाफ कॉलेज, ग्रुप कॅप्टनला सिकंदराबादचे १९५९ पासूनचे हवाई युद्ध महाविद्यालय आणि एअर कमोडोरला दिल्लीचे १९६० मध्ये सुरू झालेले नॅशनल डिफेन्स कॉलेज अशा पायऱ्या आहेत. यातली सगळ्यात जुनी परंपरा वेलिंग्टनची. तिचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. १९०५ मध्ये स्टाफ कॉलेज तिथे भरू लागले, १९०७ मध्ये क्वेट्ट्याला गेले आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याचे वेलिंग्टनला आले. किती नाशिककरांना हे ठाऊक आहे?

या शिक्षणात कसूर राहिली की काय होते, ते कारगिलने दाखवले. मे १९९९ मध्ये लष्कराने सशस्त्र हेलिकॉप्टर मागितली. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस यांचे म्हणणे होते की एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर शत्रूच्या सहज टप्प्यात येतील आणि हवाई हल्ल्यासाठी सरकारची परवानगी लागेल. मागणी आणि उत्तर यांत मोलाचे दिवस गेले. २६ मे रोजी सफेद सागर मोहीम सुरू झाली, दुसऱ्याच दिवशी दोन लढाऊ विमाने गेली आणि २८ मे रोजी तोलोलिंगवर एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले. आतले चारही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टर काढून घेण्यात आली. लष्कर आणि हवाई दल या दोघांचेही अधिकारी शूर होते, अनुभवी होते. पण दोघांची भाषा एक नव्हती, आणि युद्ध पेटल्यावर भाषा शिकता येत नाही. ती आधी वर्गातच शिकावी लागते. १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धात तर लढाऊ विमाने तळावर उभीच राहिली. तो निर्णय घेणाऱ्यांना हवाई शक्ती म्हणजे काय हे सांगणारे आणि ते ऐकून घेणारे पुरेसे असते, तर त्या युद्धाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

कारगिलनंतरच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिन्ही दलांसाठी आणि मुलकी अधिकाऱ्यांसाठीही एक राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठ काढण्याची शिफारस केली. कल्पना त्याच्याही आधीची, १९६७ ची. मंत्रिमंडळाने २०१० मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. २३ मे २०१३ रोजी हरियाणात गुडगावजवळ बिनोला येथे दोनशेहून अधिक एकर जागेवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कोनशिला बसली. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला. कायदा मात्र अजून झालेला नाही. चीनचे असे विद्यापीठ १९८५ पासून आहे, अमेरिकेचे १९७६ पासून आणि पाकिस्तानचे २००७ पासून. भारताकडे २०१३ ची कोनशिला आहे. सरकारे बदलली, संरक्षणमंत्री बदलले, २०२० मध्ये तिन्ही दलांसाठी सरसेनाध्यक्ष आला, संयुक्त कमांडची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे; कोनशिला तिथेच आहे.

आहेत ती महाविद्यालये पुरेशी आहेत, असा यावर युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. खडकवासल्याची पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, वेलिंग्टनची मद्रास विद्यापीठाची, सिकंदराबादच्या संरक्षण व्यवस्थापन महाविद्यालयाची उस्मानियाची. अभ्यासक्रमांना एका सूत्रात ओवणारे कोणी नाही. वेलिंग्टनमध्ये ‘पीसीके’ हा शब्द प्रत्येक विद्यार्थी अधिकाऱ्याला पाठ असतो. पीसीके म्हणजे आधीच्या तुकडीने मागे ठेवलेली तयार उत्तरांची शिदोरी. ज्या अधिकाऱ्याने उद्या शत्रूला चकित करायचे, तो गेल्या वर्षीचे उत्तर उतरवून काढतो. दोष त्याचा नाही. परीक्षा ठरलेल्या उत्तराला गुण देते, स्वतंत्र विचाराला नाही. त्यात वर्गात लष्कराचे अधिकारी संख्येने सर्वाधिक, त्यामुळे चर्चा जमिनीवरच्या लढाईभोवती फिरते. विद्यापीठ असेल तर संशोधन करणारे, मुलकी विद्वानांशी वाद घालणारे आणि पंधरा-वीस वर्षे एकच विषय धरून बसणारे प्राध्यापक असतील. बदलीवर येऊन दोन-तीन वर्षांत परत जाणाऱ्या प्रशिक्षकाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मराठी प्रकाशकांनीही इथे आपले कपाट उघडून पाहावे. हवाई दलावरील मराठी पुस्तकांत शौर्यकथा आणि आठवणी पुष्कळ आहेत. हवाई शक्तीचा विचार मांडणारी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकीही सापडत नाहीत. मुळगावकर, टिपणीस, नाईक, चौधरी असे चार हवाई दलप्रमुख मराठी घरांतून आले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पुण्यात निवृत्त अधिकारी शेकड्यांनी राहतात. त्यांच्याकडून असे पुस्तक लिहवून घेण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत.

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ खासदार जातात. यांतले अनेक जण दीक्षान्त संचलनाच्या दिवशी अभिनंदनाचे संदेश आवर्जून देतात. त्यांच्यापैकी एकाने तरी पुढच्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना उभे राहून विचारावे की बिनोल्याच्या विद्यापीठाचे विधेयक कोणत्या तारखेला मांडले जाणार आहे, आणि तारीख मिळेपर्यंत खाली बसू नये.

— एक वाचक, पुणे